पुळणीची मोजदाद: सार्डिनियातील ला पेलोसा किनाऱ्याचे प्रकरण

या प्रकरणातील गाव आणि किनारा नावानिशी दिले आहेत, कारण त्यांच्याविषयीचे निर्णय सार्वजनिक आहेत. निर्णय घेणारे पदाधिकारी, व्यावसायिक आणि पर्यटक यांची नावे मात्र दिलेली नाहीत. व्यक्तींपेक्षा येथे निर्णयांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

सार्डिनिया हे इटलीचे, सिसिलीच्या खालोखाल भूमध्य समुद्रातील दुसरे मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे 24,000 चौरस किलोमीटर आहे. बेटाच्या वायव्य टोकाला, जेथे जमीन निमुळती होत समुद्रात शिरते, तेथे स्तिंतीनो हे गाव आहे. त्याची कायम वस्ती सुमारे दीड हजार. स्थानिक बोलीत आतड्याला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले, कारण ज्या अरुंद खाडीच्या काठी गाव वसले ती आतड्यासारखी लांबट आणि चिंचोळी आहे. गावाच्या उत्तरेला काही किलोमीटरांवर ला पेलोसा ही पुळण आहे. समोर पियाना हे छोटे बेट, त्यापलीकडे आसिनारा हे मोठे बेट आणि पाण्यात खडकावर उभा असलेला, 1578 मध्ये स्पॅनिश अमलाखाली बांधलेला टेहळणीचा बुरूज, असा तो देखावा आहे. वायव्येकडून येणाऱ्या माएस्त्राले वाऱ्याचा जोर फाल्कोने भूशिर आणि ही बेटे अडवतात. त्यामुळे पाणी उथळ आणि बहुतेक दिवस शांत असते, वाळू बारीक आणि पांढरी आहे, आणि लहान मुलेही बऱ्याच अंतरापर्यंत कमरेएवढ्या पाण्यात चालू शकतात.

हे गाव मुळात विस्थापितांचे आहे. 1885 मध्ये इटलीच्या सरकारने आसिनारा बेट कैद्यांच्या शेतवसाहतीसाठी आणि साथीच्या रोगांतील विलगीकरण केंद्रासाठी ताब्यात घेतले. तेथे राहणाऱ्या मासेमार आणि मेंढपाळ कुटुंबांना बेट सोडावे लागले. त्यांपैकी 45 कुटुंबांनी समोरच्या किनाऱ्यावर नवे गाव उभारले. पुढे शंभराहून अधिक वर्षे आपले मूळ बेट रोज डोळ्यांसमोर असूनही तेथे पाऊल ठेवण्याची त्यांना मुभा नव्हती. तुरुंग 1997 मध्ये बंद झाला आणि बेट राष्ट्रीय उद्यान झाले. ज्या गावाची सुरुवातच सरकारी हुकमाने जमीन सोडण्यापासून झाली, त्या गावात पुढे ‘या किनाऱ्यावर आज तुम्हाला येता येणार नाही’ हे वाक्य कोण कोणाला म्हणतो, याला विशेष वजन आहे, असे मला वाटते.

गावाची दुसरी ओळख ट्यूना माशाच्या शिकारीची होती. समुद्रात लांबच लांब जाळ्यांचे दालनांसारखे कप्पे उभारून ट्यूनाचे थवे त्यात वळवायचे, या पद्धतीला तेथे तोन्नारा म्हणतात. जाळी कधी उचलायची, हे ठरवणाऱ्या म्होरक्याला ‘राईस’ म्हणत. हा शब्द अरबीतून आला, आणि त्याच मुळाचा ‘रईस’ मराठीतही आहे, मात्र आपल्याकडे तो श्रीमंतीच्या अर्थाने रुळला. स्तिंतीनोजवळची तोन्नारा 1974 मध्ये बंद पडली. तोवर समुद्रकिनारी सुट्टी घालवणारा पर्यटक बेटावर येऊ लागला होता. 1962 पासून ईशान्य किनाऱ्यावर कोस्ता स्मेराल्दा ही श्रीमंतांची पर्यटनवसाहत उभी राहू लागली, आणि त्याच काळापासून सार्डिनियाच्या उरलेल्या किनाऱ्यावरही सुट्टीच्या घरांचे बांधकाम पसरले. मासळी गेली आणि खोल्या आल्या, असे स्तिंतीनोचे स्थित्यंतर झाले. येथे हे नोंदवणे आवश्यक आहे की पर्यटन हे गावावर बाहेरून लादलेले संकट नव्हते. पहिली उपजीविका संपत असताना दुसरी त्यानेच दिली.

प्रादेशिक सरकारने 2004 च्या कायद्याने आणि 2006 च्या भूदृश्य आराखड्याने किनाऱ्यालगतच्या, सुमारे दोन किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर कडक बंधने घातली. सिमेंटला त्यामुळे आळा बसला. येणाऱ्या माणसांच्या संख्येला मात्र या तरतुदींत कोठेही हात घातलेला नव्हता.

समस्या

जुलै आणि ऑगस्टमध्ये, विशेषतः 15 ऑगस्टच्या फेरागोस्तो या राष्ट्रीय सुट्टीच्या आसपास, जेमतेम काही शे मीटर लांबीच्या या पुळणीवर दिवसाला काही हजार माणसे येऊ लागली. सकाळी उशिरा पोहोचणाऱ्याला टॉवेल पसरायला जागा मिळेना, रस्त्याच्या कडेला मोटारींच्या रांगा लागू लागल्या आणि कचरा साचू लागला. परंतु या सर्व गैरसोयी होत्या, आणि गैरसोयींवर पालिका दरवर्षी काही ना काही उपाय करतच होती. खरी समस्या डोळ्यांना सहजासहजी न दिसणारी होती: वाळू कमी होत होती.

वाळू कोठे जाते, हे समजून घेतल्याखेरीज पुढचे निर्णय कळणार नाहीत. भूमध्य समुद्रातील अशा पुळणींना नदी सतत नवी वाळू आणून देत नाही. त्यांची बरीचशी वाळू समुद्रतळावरील जीवांच्या कवचांच्या आणि सांगाड्यांच्या चुऱ्यातून तयार होते, आणि त्या जीवांचे घर म्हणजे पोसिडोनिया या समुद्री वनस्पतीची कुरणे. ही वनस्पती केवळ भूमध्य समुद्रातच सापडते, अत्यंत संथ वाढते आणि युरोपीय संघाच्या 1992 च्या अधिवास-निर्देशानुसार तिची कुरणे प्राधान्याने संरक्षित आहेत. हिवाळ्यात तिची गळलेली पाने किनाऱ्यावर तपकिरी बांधासारखी साचतात. लाटांचा मार प्रथम हा बांध सोसतो आणि मागची वाळू वाचते. उन्हाळ्यात पर्यटकांना मात्र तो बांध कुजक्या कचऱ्यासारखा दिसतो. तो यंत्रांनी उचलला की पानांबरोबर त्यांत अडकलेली वाळूही जाते आणि पुढच्या वादळाला पुळण उघडी मिळते. नांगर टाकणाऱ्या बोटी कुरणे उपटतात, तेव्हा वाळूचा कारखानाच लहान होतो.

दुसरी बाजू जमिनीकडची आहे. पुळणीमागील वाळूच्या टेकड्या हा तिचा राखीव साठा असतो. हिवाळी लाटा पुळण खरवडतात तेव्हा टेकडी तिला वाळू देते, आणि शांत काळात वारा ती वाळू परत टेकडीवर नेऊन ठेवतो. ला पेलोसाच्या मागे, याच टेकड्यांच्या जागेतून, पर्यटकांच्या सोयीसाठी डांबरी रस्ता गेला. त्यामुळे ही देवाणघेवाण तुटली. टेकड्यांवर टिकाव धरणारी झुडपे पायांखाली तुडवली गेली, तेव्हा उरलेली वाळूही वाऱ्याला मोकळी झाली.

आणि तिसरा मार्ग माणसांचा. बारीक वाळू ओल्या कापडाला घट्ट चिकटते. समजा, प्रत्येक माणसाच्या टॉवेलमधून, पिशवीतून आणि पायांवरून दिवसाला केवळ 20 ग्रॅम वाळू गेली, तर 5,000 माणसांबरोबर एका दिवसात 100 किलो आणि साठ दिवसांच्या हंगामात 6 टन वाळू जाते. हे आकडे केवळ प्रमाण समजावे म्हणून मी घेतले आहेत, मोजणीतून आलेले नाहीत. मात्र या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते: येथे कोणीही चोर नसताना चोरीएवढे नुकसान होऊ शकते.

प्रत्यक्ष चोरीही होतीच. स्मृतिचिन्ह म्हणून बाटलीत वाळू, शिंपले किंवा गोटे भरून नेण्याची सवय इतकी बोकाळली, की 2017 मध्ये प्रादेशिक कायद्याने त्यासाठी 500 ते 3,000 युरो दंड ठरवला. ऑगस्ट 2019 मध्ये स्तिंतीनोपासून फार दूर नसलेल्या पोर्तो तोर्रेस बंदरात फ्रान्सकडे निघालेल्या एका जोडप्याच्या गाडीत 14 प्लास्टिकच्या बाटल्यांत भरलेली सुमारे 40 किलो वाळू सापडली. ती बेटाच्या दक्षिणेकडील किया येथील किनाऱ्यावरची होती. हा गुन्हा आहे हे आपल्याला माहीत नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. बातमी जगभर गेली. मला मात्र त्या 40 किलोंपेक्षा टॉवेलांतून जाणारी वाळू अधिक चिंतेची वाटते, कारण बाटल्या बंदरात पकडता येतात, टॉवेल झटकला जातो तो हॉटेलच्या न्हाणीघरात.

समोर असलेले पर्याय

पालिकेपुढचा पहिला पर्याय, सर्व काही आहे तसेच चालू देण्याचा, वरवर वाटतो तितका निष्काळजीपणाचा नव्हता. वर्षाचे उत्पन्न दोन-अडीच महिन्यांत कमावणाऱ्या गावात येणाऱ्याला अडवण्याची भाषा करणे राजकीयदृष्ट्या धोक्याचे होते. हंगामातील गर्दी हीच जाहिरात होती आणि पुळणीची छायाचित्रे बेटाच्या जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकावर असत.

दुसरे टोक म्हणजे किनारा पूर्ण बंद करणे. सार्डिनियात त्याचे उदाहरण आहे. ईशान्येकडील बुदेल्ली बेटावरच्या गुलाबी पुळणीचा रंग एका सूक्ष्म समुद्री जीवाच्या कवचांमुळे येतो. पर्यटक ती वाळू मुठी भरभरून नेऊ लागल्यामुळे 1990 च्या दशकात तेथे पाऊल ठेवण्यास बंदी करण्यात आली, आणि ती आजही आहे. पण बुदेल्लीवर गाव नाही. ला पेलोसाला हा उपाय लावला असता, तर पुळण वाचली असती आणि तिच्यावर जगणारे गाव पुन्हा एकदा किनाऱ्यापासून तोडले गेले असते.

तिसरा पर्याय बाहेरून वाळू आणून टाकण्याचा. युरोपात अनेक किनाऱ्यांवर हा मार्ग घेतला जातो. मात्र आणलेल्या वाळूचा रंग आणि दाण्यांचा आकार मूळ वाळूशी जुळला नाही तर ती टिकत नाही, पाणी गढूळ होते, आणि गढूळ पाण्यात पोसिडोनियाला पुरेसा प्रकाश मिळत नाही. येथे उपायच रोगाला पोसण्याची शक्यता होती.

चौथा पर्याय वाहनतळाचे दर भरमसाट वाढवून गर्दी आपोआप कमी करण्याचा. तो राबवायला सर्वांत सोपा होता, आणि माझ्या मते सर्वांत अन्यायाचा, कारण त्यामुळे गर्दी कमी झाली असती ती पाकिटाच्या जाडीप्रमाणे.

उरला पाचवा पर्याय: वापराच्या सवयी बदलणे आणि रोजची संख्या ठरवणे. पालिकेने हा मार्ग घेतला, परंतु एकदम नाही, तर दोन टप्प्यांत. या प्रकरणाचे खरे शिक्षण त्या क्रमात आहे.

पहिला निर्णय: टॉवेलखाली चटई

2019 च्या हंगामापासून वाळूवर थेट टॉवेल पसरण्यास मनाई झाली. टॉवेलखाली चटई हवी, असा नियम झाला, कारण विणलेल्या चटईला वाळू चिकटून राहत नाही आणि ती जागेवरच झटकता येते. त्याबरोबर पुळणीवर धूम्रपानाला बंदी आली आणि निघताना पाय, चपला व सामान यांवरील वाळू काढून मगच बाहेर पडावे, असे सांगण्यात आले. नियम मोडणाऱ्याला 100 युरो दंड ठरला.

बाहेरच्यांना हा नियम काहीसा विचित्र वाटला. मला तो या प्रकरणातील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो. संख्येची मर्यादा आधी घातली असती, तर पहिल्या दिवसापासून सारा वाद ‘आम्हाला का अडवले’ यावर झाला असता. चटईच्या नियमाने कोणालाही अडवले नाही, पण प्रत्येक येणाऱ्याला वाळू ही संपणारी गोष्ट आहे हे सांगावे लागले. चटई विकत घेताना पर्यटक कारण विचारतो, दुकानदार ते सांगतो, आणि किनाऱ्यावरचा रखवालदार पुन्हा सांगतो. पुढच्या वर्षी जे कठोर पाऊल उचलायचे होते, त्याचे स्पष्टीकरण असे एक संपूर्ण हंगामभर लोकांच्या कानांवर पडत राहिले.

नियमाची उणीवही तेथेच होती. चटई प्रत्येक माणसाबरोबर जाणारी वाळू कमी करते, माणसे कमी करत नाही. पाच हजार माणसे चटई घेऊन आली तरी टेकड्यांवर तेवढीच पावले पडतात आणि उथळ पाण्याचा तळ तितकाच ढवळला जातो.

दुसरा निर्णय: दिवसाला 1,500

2020 च्या उन्हाळ्यापासून एका दिवशी 1,500 लोकांनाच प्रवेश, तोही आगाऊ नोंदणी करून आणि 3.50 युरो शुल्क भरून, अशी पद्धत सुरू झाली. बारा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. नोंदणी केलेल्याच्या मनगटावर पट्टी बांधली जाते. हा निर्णय करोनाच्या साथीमुळे झाला असा समज अनेक ठिकाणी दिसतो, परंतु पुढच्या वर्षापासून संख्या मर्यादित केली जाईल, हे 2019 मध्येच जाहीर झाले होते. साथीने एवढेच केले की त्या उन्हाळ्यात रांग, अंतर आणि नोंदणी या गोष्टी लोकांना सर्वत्रच कराव्या लागत होत्या आणि नव्या नियमाचा काच त्यामुळे थोडा कमी जाणवला.

1,500 हा आकडा विचार करायला लावतो. गावाची कायम वस्तीही जवळपास तेवढीच आहे. म्हणजे रोज सकाळी आणखी एक स्तिंतीनो त्या पुळणीवर येऊन बसते आणि संध्याकाळी उठून जाते. एवढी मर्यादासुद्धा सौम्यच म्हणावी लागेल. तुलनेसाठी पूर्व किनाऱ्यावरील काला गोलोरित्से ही खडकांमधली छोटी पुळण पाहता येईल. तेथे दिवसाला 250 लोकांनाच जाता येते.

संख्या ठरवताना कोणत्याही पालिकेला दोन वेगळे प्रश्न सोडवावे लागतात, आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. एक प्रश्न असा, की माणसांना सुखाने बसता यावे म्हणून किती जागा हवी. दुसरा असा, की वाळू आणि टेकड्या टिकाव्यात म्हणून किती पावले चालतील. पहिल्याचे उत्तर चौरस मीटरांना माणशी जागेने भागून दुपारभरात निघते. दुसऱ्यासाठी अनेक हिवाळे पुळणीची रुंदी आणि उंची मोजावी लागते. राजकीय घाई नेहमी पहिल्या उत्तराकडे ओढते. म्हणून संख्या कायमची न मानता दर काही वर्षांनी मोजमापांच्या आधारे वर किंवा खाली नेण्याची तरतूद नियमातच असणे, हे अशा निर्णयाचे कळीचे कलम ठरते.

हक्काचा प्रश्न

इटलीत समुद्रकिनारा ही राज्याची मालमत्ता आहे आणि तो सर्वांचा आहे, ही भावना लोकांत खोल रुजलेली आहे. ज्यांना पुळणीचा तुकडा छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने देण्यासाठी मिळालेला असतो, त्यांनीही पाण्याच्या कडेपर्यंत जाण्याची वाट कोणालाही मोफत द्यावी, हे 2006 च्या राष्ट्रीय कायद्यात स्पष्ट आहे. अशा देशात पालिकेने सार्वजनिक पुळणीवर पैसे घेणे हे तत्त्वतः नाजूक पाऊल होते. पालिकांची बाजू अशी, की हे प्रवेशाचे तिकीट नसून रखवाली, स्वच्छता, लाकडी पायवाटा आणि टेकड्यांचे संरक्षण यांसाठी घेतलेली वर्गणी आहे.

3.50 युरो ही रक्कम मोठी नाही, आणि ती जाणीवपूर्वक मोठी ठेवलेली नाही, हे मला या योजनेतील सर्वांत चांगले अंग वाटते. गर्दी कमी करण्याचे काम पैशांवर टाकलेले नाही, ते संख्येवर टाकले आहे, आणि पैसे केवळ देखभालीपुरते घेतले आहेत. मात्र संख्येनेही अन्याय होतो, फक्त वेगळ्या माणसांवर. आठवडे आधी सुट्टीचे बेत आखणारा, परदेशातून विमानाने येणारा पर्यटक मोबाइलवर जागा राखून ठेवतो. सास्सारी हे जवळचे मोठे शहर. तेथील एखादे कष्टकरी कुटुंब रविवारी सकाळी हवा बघून निघायचे, तेच आता दारावरून परत जाण्याची शक्यता असते. ज्यांच्या लहानपणापासून ही पुळण त्यांची होती, तेच मोजणीत बाहेर राहण्याचा धोका अधिक असतो.

परिणाम

सर्वांत लवकर दिसलेला परिणाम अनुभवाचा होता. ऑगस्टमध्येही पुळणीवर चालायला जागा उरू लागली, आणि जे येऊ शकले त्यांना तो किनारा छायाचित्रात दिसतो तसा मिळू लागला. मर्यादा घातली तर पर्यटक पाठ फिरवतील, ही भीतीही खरी ठरली नाही. उन्हाळ्यामागून उन्हाळे ही पद्धत चालू राहिली.

दुसरा परिणाम अनुकरणाचा. दक्षिणेकडील तुएर्रेद्दा येथे दिवसाला 1,100 ही मर्यादा आली. ईशान्येकडील सान तेओदोरो पालिकेने काला ब्रांदिंकीसाठी 1,447 आणि शेजारच्या लू इम्पोस्तूसाठी 3,352 असे आकडे ठरवले. गोल आकड्यांऐवजी असे अचूक आकडे दिसले की ते मोजणीतून आले असावेत असा विश्वास वाटतो, आणि त्या दृष्टीने 1,500 पेक्षा 1,447 हा आकडा लोकांना पटवून देणे सोपे जाते.

वाळूच्या बाबतीत मात्र घाईने यश जाहीर करणे चुकीचे ठरेल. हिवाळ्यातील एक मोठे वादळ एका रात्रीत जितकी वाळू हलवते, तितकी एका हंगामातील सारे टॉवेलही हलवत नाहीत. माणसाने नेलेली वाळू आणि समुद्राने हलवलेली वाळू यांत फरक एवढाच, की समुद्र त्यातली बरीच परत आणतो. त्यामुळे पाच-सहा हंगामांच्या नोंदींवरून पुळण रुंदावली की अरुंद झाली हे सांगणे धोक्याचे असते. निदान दहा-पंधरा वर्षांची सलग मोजमापे हाताशी असल्याखेरीज या उपायाचे खरे मूल्यमापन होणार नाही.

वेगळे काय करता आले असते

या प्रकरणात माझा मुख्य आक्षेप क्रमाविषयी नाही, कारण आधी सवय आणि मग संख्या हा क्रम योग्यच होता. आक्षेप आहे तो एका टप्प्याच्या उशिराविषयी. पुळणीमागचा डांबरी रस्ता हा वाळूच्या नुकसानीचा जुना आणि मोठा भाग आहे. तो उखडून टेकड्या पुन्हा उभ्या करण्याचा विचार पुनर्वसनाच्या आराखड्यात आहे. परंतु रस्ता काढणे म्हणजे पर्यायी मार्ग, वाहनतळ, बस, निधी आणि अनेक खात्यांच्या मंजुऱ्या. टॉवेलचा नियम पालिकेच्या एका आदेशाने लागू होतो आणि त्याचा भार पर्यटकावर पडतो. रस्त्याचा भार स्वतः शासनावर पडतो. दोन्ही कामे एकाच वेळी सुरू झाली असती, निदान रस्त्याची तारीख चटईच्या नियमाबरोबर जाहीर झाली असती, तर पर्यटकाला पाय धुवायला सांगण्याचा नैतिक अधिकार अधिक भक्कम झाला असता.

दुसरे, ला पेलोसाची मर्यादा एकट्या पुळणीपुरती होती. ज्याला तेथे जागा मिळत नाही तो घरी परतत नाही, तो शेजारच्या किनाऱ्यावर जातो. स्तिंतीनोच्या दक्षिणेकडे ले सालीने आणि एत्झी मान्नू ही लांब पुळण आहे. तिची वाळू आणि तिच्यामागच्या पाणथळ जागाही नाजूकच आहेत. एका पुळणीची गर्दी दुसरीवर ढकलायची नसेल, तर संपूर्ण किनारपट्टीची संख्या एकत्र धरावी लागते. सान तेओदोरोने शेजारच्या दोन पुळणींसाठी दोन आकडे ठरवले, ते या दृष्टीने एक पाऊल पुढे आहे.

तिसरे, पोसिडोनियाच्या पानांचा बांध. चटईविषयी जितके सांगितले गेले, तितकेच या बांधाविषयीही पर्यटकाला सांगायला हवे होते. मे महिन्यात किनाऱ्यावर तपकिरी पाने दिसली, की हॉटेलवाल्यांकडे तक्रारी येतात आणि पालिकेवर सफाईचा दबाव येतो. पाने उशिरापर्यंत जागेवर ठेवायची आणि त्यांच्याजवळ ती का ठेवली आहेत हे लिहायचे, एवढ्या साध्या गोष्टीने कदाचित चटईइतकीच वाळू वाचते. गोटे आणि शिंपले न उचलण्याचे फलक सर्वत्र आहेत. कुजकी दिसणारी पाने हीच किनाऱ्याची ढाल आहे, हे सांगणारे फलकही तितक्याच ठळकपणे हवेत.

चौथे, स्थानिकांचा हिस्सा. स्तिंतीनोच्या रहिवाशांना शुल्कातून वगळणे योग्य होते, पण सास्सारी आणि आसपासच्या गावांतून एका दिवसासाठी येणाऱ्यांचा विचार वेगळा करायला हवा होता. रोजच्या जागांपैकी काही त्याच दिवशी सकाळी, रांगेत येणाऱ्यांना देण्यासाठी राखून ठेवणे, किंवा बसने येणाऱ्यांसाठी काही जागा बाजूला ठेवणे, असे उपाय शक्य होते. बसचा पर्याय मला अधिक पटतो, कारण त्यामुळे मोटारींचा भारही कमी होतो आणि रस्ता काढून टाकण्याची तयारीही आपोआप होते.

पाचवा मुद्दा हिवाळ्याचा आहे. नोव्हेंबरनंतर सुट्टीच्या घरांच्या खिडक्या बंद होतात, उपाहारगृहे मिटतात आणि गाव पुन्हा दीड हजारांचे होते. पुळणीवर 1,500 ची मर्यादा घालताना उन्हाळ्याचे जे थोडे उत्पन्न कमी झाले असेल, ते वर्षाच्या उरलेल्या काळात भरून काढण्याची योजना सोबत असायला हवी होती. त्यासाठी लागणारे साहित्य गावाकडे आहे. तोन्नाराचे संग्रहालय आहे, आसिनारावर माणसांना न बुजणारी पांढरी गाढवे आहेत, जुना तुरुंग आणि विलगीकरण केंद्राच्या इमारती आहेत, आणि लॅटिन, म्हणजे त्रिकोणी शिडांच्या जुन्या लाकडी होड्यांची शर्यत ऑगस्टच्या अखेरीस भरते. एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये येणारा माणूस पुळणीवर लोळत नाही, तो गावात फिरतो, जेवतो, 1885 मध्ये बेट सोडलेल्या कुटुंबांची गोष्ट ऐकतो आणि होडीतून समोरच्या आसिनारावर जातो. त्याच्यासाठी 3.50 युरोच्या पट्टीची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जमा होणाऱ्या शुल्कातला ठरावीक भाग या ऋतूबाहेरच्या होड्यांसाठी आणि संग्रहालयाच्या हिवाळी वेळांसाठी बाजूला काढता येईल का, हा प्रश्न पालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकात विचारण्यासारखा आहे.